एकही केस गळला नाही

...नाही नाही, मान वर — अजून थोडी, हां — आणि आता बोलायचं नाही, पाळकसाहेब, वस्तरा गळ्यावर आहे. दर रविवारी आम्ही तुमचं ऐकतो, आज तुम्ही माझं ऐका. काय म्हणत होतात? येत्या रविवारी आमच्या हिनं पुढे येऊन साक्ष द्यावी. कॅन्सर गेला, प्रार्थनेनं गेला, एवढी कडक औषधं घेऊनही डोक्यावरचा एक केस गळला नाही. हेच ना? — मान हलवू नका, कळलं मला.

प्रार्थनेला नावं ठेवत नाही हो मी. मंडळीनं काही कमी केलं नाही. आजार कळल्या दिवसापासून घर भरलेलं. ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींनी अशी प्रार्थना केली, अशी केली, की हिच्या आजाराबरोबर स्वतःच्या सुनेचा स्वभावही देवाच्या कानावर घातला. खजिनदारकाका म्हणाले, आजार ही परीक्षा असते — आणि मग त्यांच्या गुडघ्यानं दिलेली परीक्षा पहिल्या पेपरापासून सांगितली. ही बिचारी उशीला टेकून सगळ्यांना 'आमेन' म्हणायची. उलटी दाबून आमेन म्हणून बघा एकदा. शेवटी मीच म्हटलं, प्रार्थना आपापल्या घरून करा, देव काय आमच्याच पत्त्यावर राहत नाही. तर मी विश्वासात कच्चा ठरलो. असेन. विश्वास तिच्याकडे, औषधांची पिशवी माझ्याकडे — आमची वाटणीच तशी आहे. इस्पितळात सुई टोचताना ती डोळे मिटून पुटपुटते, मी नर्सच्या हाताकडे बघतो. दोन्ही लागतं ना? लागतंच.

गाल फुगवा — डावा. तर केस. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, केस जाणार. मी म्हटलं, सलूनवाल्याच्या बायकोचे केस उशीवर गळून जाणार? मग आम्ही बसलोय कशाला? हिला याच खुर्चीत बसवलं, शटर ओढलं, वेणी घातली आणि मुळापासून कापली. ती डोळे मिटून प्रार्थना करत होती. कशासाठी, विचारा. माझा हात थरथरू नये म्हणून! दुखणं तिचं, प्रार्थना माझ्या हाताची. मग जाळी घेऊन बसलो, आणि तिच्याच केसांचा विग बांधला, आकडीनं गाठ मार, पुन्हा गाठ मार — भांग होता तिथेच, कपाळावरची ती आगाऊ बट तिथेच, कानामागचे पांढरेसुद्धा तिथल्या तिथे. माझ्या बापाला जमला नसता असा. तिच्या डोक्यावर चढवला आणि उपासनेला घेऊन आलो.

हलू नका म्हटलं ना! आत्ता कापलं असतं. — हो, विग. डोळे काय वटारताय, आरशात दिसताय मला. तुम्ही हात वर करून म्हणालात, बघा, एकही केस गळला नाही, आपली बहीण बरी झाली! सगळी मंडळी उभी, टाळ्या काय, ऑर्गन काय — आणि ही मान खाली घालून बसलेली, कारण मान वर केली तर विगची कड दिसेल. तुम्हाला वाटलं, केवढी नम्रता! मी का नाही बोललो? बोलणारच होतो. पण मागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं, काय सुंदर केस आहेत हो — आणि मी फुगलो. एवढंच असतं तर चाललं असतं. मी टाळी वाजवली, साहेब. गाठी याच बोटांनी मारल्यात, अजून घट्टे आहेत बघा, तरी वाजवली. क्षणभर वाटलं, एवढे सगळे म्हणतायत, तर नसतीलही गळले.

जाऊ दे. आता उजवा — नाही, थांबा. आधी ऐका. त्या दिवसापासून ही इस्पितळात यायला तयार नाही. एक डोस चुकलाय. म्हणते, पाळकसाहेबांनी चारचौघांत मला बरी म्हटलं, आता सुई टोचून घ्यायला गेले तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल. मी म्हटलं, अगं बाई, केस मी बसवलेत, देवानं नाही! तर म्हणते, आणि तुमचे हात कुणी घडवले? इतका संसार झाला, वादात एकदाही जिंकलो नाही. डॉक्टरीणबाई फोनवर फोन करतायत — अर्ध्यात सोडलंत तर आधीचं सगळं पाण्यात, उद्या सकाळी आणा म्हणजे आणा. माझं ती ऐकत नाही, त्यांचं ऐकत नाही. तुमचं ऐकते. बरी झालीस असं तुम्ही सांगितलंत ना? मग अजून व्हायची आहेस, हेही तुम्हीच सांगायचं. औषध घेतलं की विश्वास उणा होतो, असं कधी शिकवलंत आम्हाला? — नाही ना? मग हे तिला सांगा, मला नको.

उठा. — ठाऊक आहे, अर्धीच झालीय. फेस राहू दे तसाच. तुम्हाला असं बघून हसली तर हसू दे, बरेच दिवस हसली नाहीये. मागच्या बाजूला जिना आहे, वरचं दार नुसतं लोटलेलं आहे. आणि आत गेल्या गेल्या डोळे मिटू नका, प्रार्थना मागाहून — आधी तिच्या उघड्या डोक्याकडे नीट बघा, मग बोला. ती 'हो' म्हणाली की खाली या, उरलेली करून देतो. नाही म्हणाली तर रविवारी असेच उभे राहा व्यासपीठावर. जा.