मीनलच्या बीकरमधलं नळाचं पाणी

माझा जन्म हुपरीचा, कोल्हापूरजवळ. घरात चांदीच चांदी, पण सगळी दुसऱ्याची, कारण वडील पैंजणांचे कारागीर. स्वच्छतेचं त्यांना वेड, तेच मला लागलं, आत्ता बघा, तुम्हाला चहा देतानासुद्धा कप परत विसळून घेतला. एमएस्सी झाले, दिल्लीला आले, मुनिरकात खोली घेतली, खिडकी उघडली की शेजारच्याची भिंत, आणि एका संस्थेच्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागले तर तिथंही चांदीच.

काम असं की चांदीच्या बारीक कणांवरून इथिलीन आणि ऑक्सिजन तापवून सोडायचे. ऑक्सिजन बेतानं जोडला गेला तर इथिलीन ऑक्साइड होतं, ज्यातून पुढे पॉलिएस्टर बनतं, नाहीतर सगळं जळून नुसता कार्बन डायऑक्साइड. कुठलं किती वेगानं होतं ते आम्ही मोजायचो, मी आणि मीनल. माझी चांदी भराभर काम करायची आणि सगळं जाळून टाकायची. तिची चांदी तिच्यासारखीच, सावकाश, पण ऑक्साइड माझ्यापेक्षा जास्त. काय सांगू तुम्हाला, माझ्या पोटात दुखायचं.

मीनल द्वारकेत वाढलेली, आईवडील दोघं सरकारी नोकरीत, मराठी अर्धं हिंदी. अगं हे विसळलंस का म्हटलं तर विचारायची, विसळलंस मतलब, ताई? उशिरा येणार, आईनं केलेले पराठे आणणार, मलाही देणार, आणि ते चांगले असायचे यार, त्याचाही मला राग.

मग प्रोजेक्ट पुढे वाढला पण जागा एकच उरली. प्रोजेक्टचे प्रमुख, आमचे सर, पंजाबी, शांत माणूस, मला म्हणाले तिच्या पद्धतीनं तू करून बघ. मी केलं, सगळं स्वच्छ धुऊन, नाही आलं. परत केलं, नाही आलं. सर म्हणाले, बेटा, जो दोबारा न आए वो रिझल्ट नहीं, मीनलचे आकडे बाजूला ठेवू, पुढचं तूच बघ. म्हणजे जागा मला मिळाल्यात जमा होती. गप्प बसायचं की नाही? पण माझ्या डोक्यात एकच, मग तिचंच का येतं, तिचंच का.

मी तिच्यावर नजर ठेवली. चांदी ज्या पांढऱ्या गोळ्यांवर बसवायची त्या आधी डिस्टिल्ड पाण्यानं धुवायच्या असतात, ही बाई त्या बीकरमध्ये घालून सरळ सिंकच्या नळाखाली धरत होती. तिच्या बीकरमधलं ते पाणी मी घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पाणी दुधासारखं झालं. क्लोराइड, नळाच्या पाण्यातला क्लोरीनचा क्षार. तसंच बीकर घेऊन सरांकडे गेले, बघा सर, हे हिचं काम. मला वाटलं आता संपली ही.

सरांनी बीकर उजेडाला धरलं आणि हसायलाच लागले. अरे यही तो है, म्हणाले, मीनल को बुलाओ. क्लोरीनचा अंश चांदीला आवरून धरतो, सगळं जाळू देत नाही, कारखान्यांत तर ते मुद्दाम सोडतात, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं. मग मलाच मोजून क्लोराइड घालून बघायला लावलं, आणि आलं की हो, हुबेहूब तिच्यासारखं. तिच्या आकड्यांना कारण मिळालं, आणि ते कारण मी स्वतःच्या हातानं नेऊन दिलं होतं. जागा तिला. मला सर म्हणाले, तेरी नज़र तेज़ है, तुला कुठंही नोकरी मिळेल. कुठंही म्हणजे तिथं सोडून.

आता मी द्वारकेतच शाळेत केमिस्ट्री शिकवते. मुलं चांगली आहेत, पगार वेळेवर होतो. परवा मीनल आली, तिची नोकरी पक्की झाली म्हणून पेढे घेऊन. म्हणाली, ताई, तू नसतीस तर सर ने मुझे निकाल ही दिया होता. मी म्हटलं, छे गं, बिल्कुल नाही, तुझीच मेहनत. पेढा चांगला होता, दोन खाल्ले. देवानं तिला सगळं सगळं द्यावं, खरंच म्हणते. फक्त आधी मला द्यावं, मग तिला.