साडूचं झाड आणि माझी पऱ्हाटी

खोटं वाटलं तर चहाचे पैसे माझे, पण आधी ऐका. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. मलकापुरात माझा साडू शिमोन भिंतीला भिंत लावून राहायचा. त्या नाताळाला त्यानं मुंबईहून तारेचं, हिरव्या कागदाचं झाड आणलं आणि सगळी आळी त्याच्या दारात लोटली. मी जळून कोळसा.

खिशात पैसे नव्हते, म्हणून शेतातली कपाशीची एक पऱ्हाटी उपटून डब्यात रोवली. बोंडं अशी फुटलेली, की बर्फ म्हणून वरून वेगळा कापूस चिकटवायलाच नको. शिमोन दारातूनच म्हणाला, "भाऊ, हे झाड हाय का सरपन?"

ते मला लागलं. नाताळाच्या सकाळी सगळे प्रार्थनेला निघाले, तेव्हा मी पोट दुखतं म्हणून घरी राहिलो आणि आमची बकरी शिमोनच्या घरात सोडली. तिनं ते झाड हुंगलं, शिंकली आणि तोंड फिरवून थेट आमच्या घरात शिरली. मी पोहोचेपर्यंत पऱ्हाटीचा नुसता दांडा उरला होता.

तेवढ्यात मंडळी परतली. शिमोन आतून ओरडला, "अबे, आमच्या घरात लेंड्या कोनाच्या?"

बायकोनं बकरीच्या दाढीतला कापूस पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता तरी जळू नका," ती म्हणाली. "बकरीनं दोन्ही झाडं पाह्यली, आन् पसंत तुमचंच केलं."