रेव्हरंड पणजोबांचा प्रभाव

त्रेपन्न साल असेल. बदलापूरला एसटीच्या रांगेत उमाताईंचे डोळे मासिकावर होते आणि कान पुढच्या दोघांकडे. एक कोटातले, हातात वही-पेन्सिल घेतलेले साळवी मास्तर, दुसरा डोंगराकडच्या पाड्यावरचा सखा.

"तुमच्या पाड्याजवळ जुनं थडगं आहे म्हणे?"

"हाय ना. पाद्रीबाबाचं."

"ते माझे पणजोबा. मेथडिस्ट पाळक. दारू सोडा, दारू सोडा म्हणत त्यांनी हे डोंगर पालथे घातले. त्यांचं चरित्र लिहितोय. पण लोक अजून मानतात असं दाखवलं, तरच चर्चचे पंच ते छापणार."

"मानतात म्हंजे? आमचा पाडा त्याच्यावरच जगतो."

"लोक येतात तिथं?"

"रोज. शनवारी तं लाइन लागते. अंबरनाथचं सायेब, सिंधी कॅम्पातलं शेठ, समदी येतात."

"काय वाहतात?"

"वाहत नाय, घेऊन जातात. दारूबंदी झाल्यापास्नं बाटल्या आमी थडग्यातच ठेवतो. हवालदार बी टोपी काढून लांबूनच जातो."

मास्तरांची पेन्सिल थांबली. जरा वेळाने पुन्हा चालू लागली. उमाताईंनी मान लांब करून वहीत वाचलं:

'आजही सर्व जातिधर्मांचे लोक तेथे जातात. कोणीही रिकाम्या हाती परतत नाही.'