उद्यापासून धावीन

साकोलीच्या स्टँडवर सानगडीच्या बसची वाट पाहणाऱ्या शकुनबाईंच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

“ऑपरेशन करून डोक्यावर केस लावले, त्याले महिना झाला, आई. डॉक्टरनं हो म्हणलं. उद्यापासून मी धावीन.”

“अन् घामानं गळले त?”

“गळू दे. मुळं आतमधी राहाते, मंग पुन्हा उगवते.”

“रविवारी तुले पाहायले पाहुणे येऊन राहिले, ज्योत्सना. मळणीच्या थ्रेशरमधी वेणी अडकून केस उपटले, तवापासून हे पहिलेच. तोवर त घरी बस.”

“कायले? त्याइले तलावाच्या पाळीवर पाठव. धावतानाच पाहू दे मले.”

ज्योत्सनानं डोक्याची ओढणी सोडली. अर्ध्या डोक्यावर केस, अर्ध्यावर नुसते खुंट. शकुनबाईंची नजर तिथंच खिळली.

“काय पाहून राहिल्या, बाई?” आई कडाडली. “माही पोरगी दहा-दहा किलोमीटर धावते!”