राणीचा घुंघट

भिया, हसू नका. पुण्याच्या एक मॅडम ऑपेराचा अभ्यास करतात. आमचा माच, म्हणजे माळव्याचं गाण्यातलं नाटक, बघायला त्या बागलीला आल्या. राणी मीच होतो.

खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, "विलाप गाताना राणी एकदम घुंघट ओढते. ही जुनी परंपरा का?"

मी खरं सांगून टाकलं. "नाही मॅडम. समोर पीपलरावां गावचे काका दिसले. त्यांच्या मुलीशी माझं लग्न ठरतंय, आणि मी बाईचं काम करतो हे त्यांना सांगितलं नव्हतं."

मॅडमनी तेही वहीत लिहिलं.

तेवढ्यात मागून काकाच बोलले, "सासऱ्यासमोर घुंघट! सून तर संस्कारी निघाली. आता लुगडं बदलून या, जावईही बघून घेतो."