सॉरी म्हणाला आणि जेवायला गेला

...एवढ्यावर मिटलं? एका शब्दावर? अहो, वैशाखाच्या उन्हात, छकड्यात, लग्नघराकडे पाठ करून मी भर दुपारी रुसून बसलोय, आणि तो येतो काय, "सॉरी, दाजी" म्हणतो काय, आणि जेवायला जातो काय! सॉरी म्हणे! ...नाही नाही, तुम्ही दारातल्या त्या छकड्याकडे बघू नका. बैल सोडलेत मी. त्यात कोण बसलंय ते मागून सांगतो, आधी इकडे ऐका!

तुम्हाला सांगतो, पिंप्राळ्याला धाकट्या मेहुणीचं लग्न. मी त्या घरचा थोरला जावई. पहिला फेटा कुणाला? बोला ना! शेंबडं पोरसुद्धा सांगेल, थोरल्या जावयाला! सासऱ्यांनी, पुनाआबांनी, गुलाबी जरीचा फेटा काढला आणि दिला पोराच्या हातात. हा पोरगा म्हणजे माझा मेहुणा अभिमन. धुळ्याला इंग्रजी शाळेत शिकतो, सुट्टीत घरी आला की आईलाही शिकवतो. मी टोपी काढून, मान पुढे करून बसलोय, भर मांडवात बोडका! आणि हा पठ्ठ्या मला ओलांडून पुढे गेला आणि फेटा बांधला कोणाला? कौतिक मास्तरला! म्हणजे त्याच्या इंग्रजीच्या मास्तरला! सगळा मांडव बघतोय, आणि मी टोपी शोधतोय... टोपीवर कोणीतरी बसलेलं!

मग मी रुसलो. रुसणारच! आता रुसलेल्या जावयाला उठवायची आपल्यात रीत आहे की नाही? आधी बारकी मंडळी येतात, त्यांना आपण हूं का चूं करत नाही. मग चुलतसासरे येतात, त्यांना नुसतं "राहू द्या" म्हणायचं. शेवटी खुद्द सासरा येतो, "जवाईबुवा, चुकनं आमनं, चला, ताट वाढेल शे" म्हणतो, आणि हाताला धरून उठवतो. हाताला धरून! आपल्या पायांनी आपण उठायचं नाही, उठलो तर रुसलो कशाला? मग फेटा, मग पंगत, मग सासूबाई स्वतः रस वाढतात... अहो, या सगळ्याला वेळ लागतो, माणसं लागतात, कोणाला तरी खाली बघावं लागतं. तेव्हा कुठे राग उतरतो!

पुनाआबा निघाले होते हो! डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी बघत होतो. खांद्यावर नवा फेटा, चेहरा रडवेला, म्हटलं आता आले, आता आले... तेवढ्यात हा अभिमन आडवा! "आबा, तुम्ही कशाला जाता? मी सॉरी म्हणालोय त्यांना. विषय संपला." आणि आबा फिरले मागे! अहो, फिरले! नवा फेटाही घेऊन गेले! राज्य इंग्रजाचं, कायदा इंग्रजाचा, आता माफीही इंग्रजीतच ऐकायची का आम्ही? सॉरी म्हणे!

तिकडे पंगतीवर पंगत उठतेय. चुलीवरच्या उपड्या खापरावर भाजलेले मांडे, हाताएवढे, कागदासारखे पातळ, वर तूप, बाजूला रस, तळलेल्या कुरडया... वास येतोय इथवर! पोटात कावळे नाही, गिधाडं! पण मी हललो नाही.

मग आले स्वतः मास्तर. जेवून, विडा चघळत, डोक्यावर माझा फेटा! म्हणाले, "तुमचा गैरसमज झालाय. सॉरी हा फार जुना आणि फार चांगला शब्द आहे. त्याच्या मुळाशी जखम आहे, ठणका आहे. आधी अंगाचा, मग मनाचा. सॉरी म्हणणारा खरं तर सांगतो, मला ठणकतंय." वर म्हणतात कसे, "दुःखासाठी सॉरो म्हणून दुसरा शब्द आहे, तो दिसतो याचा सख्खा भाऊ, पण कूळ निराळं. शेजारी राहून एकसारखे झाले." म्हटलं, मास्तर, तुमच्या शब्दांच्या कुळाला घाला चुलीत! अभिमनला ठणकतंय ना? मग तो तिकडे मांड्यावर मांडा कसा काय हाणतोय? ठणकतंय मला, आणि शब्द त्याच्या तोंडात! जखम माझी, औषध तो प्याला! मास्तर म्हणाले, "प्रश्न विचार करण्यासारखा आहे." आणि गेले. फेट्यासकट!

मांडे संपले. खापरं उतरली. मी माझ्या पायांनी उठलो, माझ्या हातांनी बैल जुंपले. आमची शेवंताबाई येऊन मागे बसली. एक अक्षर नाही. गिरणा ओलांडली, अक्षर नाही. म्हटलं हिला काय झालं, अपमान तर माझा झालाय! घर आलं. म्हटलं, अगं उतर. ढिम्म! म्हटलं, जेवलीस ना तू तरी? तर माझ्याकडे असं बघितलं तिने... आणि तेव्हा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. नवरा उपाशी बसल्यावर ती कशी जेवेल? सख्ख्या बहिणीचं लग्न, पहाटेपासून मांडे तिनेच भाजले, आणि तिच्याच तोंडात घास नाही!

आता ती रुसलीये. मी म्हटलं ठीक आहे, मी काही धुळ्याला शिकलेलो नाही, आपण रीतीने जाऊ. जवळ गेलो, "चुकलं माझं" म्हणालो, उठवायला हात धरला... "आय वं!" करून किंचाळली! खापरावर भाजलेला हो, हात. तळवाभर फोड. दिवसभर ठणकत असेल, आणि मी तिकडे माझा ठणका कुरवाळत बसलेलो!

आता सांगा, हात तर धरता येत नाही. सासरा येणार नाही, फेटा नाही, मांडा नाही, रस नाही. माझ्याजवळ उरलं काय? लाज वाटली, पण खाली बघून म्हणालो... सॉरी.

"सॉरी म्हने!" म्हणाली, आणि पाठ फिरवली.

तेव्हापासून बसलीये तिथंच. तुमच्यात कोणी इंग्रजी शिकलेलं आहे का हो? ...नसेल तर बरंच आहे. चला सगळे, रीतीने उठवू तिला.