पालखी उतरायची जागा

(१९२९. रत्नागिरीजवळचं गाव. शिमग्याच्या पालखीची आदली सकाळ. खोतांच्या नव्या घरापुढे भिकाजी पाथरवट दगडावर नाव कोरतोय. शाळेतले दत्तात्रेय मास्तर बघत उभे.)

मास्तर: 'आनंदमहाल' कोरून झालं की रे. खोत खूश होतील.

भिकाजी: होऊ देत. जांभ्यात अक्षर धरत नाय, म्हणून काळा दगड आणवला त्यांनी. पण मास्तर, थिबा राजाच्या घराला लोक राजवाडा बोलतात. ह्यांना महालच कशाला हवा?

मास्तर: राजवाडा म्हणजे राजाचा वाडा, सरळ आहे. महाल अरबांकडचा. मुळात अर्थ एवढाच, उतरायची जागा. उंटावरचं ओझं सोडायचं नि मुक्कामाला टेकायचं. पुढे राजे जिथे उतरत, त्या घरालाच महाल म्हणू लागले.

भिकाजी: मग महाल माझ्या आयेचा होता.

मास्तर: सखूबाईचा? अरे, ते गवताचं खोपट.

भिकाजी: खोपटच. पण देवीची पालखी देवळातून निघाली की पहिली आमच्या अंगणात उतरायची. आजोबांपासनं तो मान. बाबा गेले नि खोतांनी ऐन आषाढात घर पाडलं. आये चार दिवस वाटेवरच्या फणसाखाली बसून होती. पावसात भिजून ताप चढला, त्यातच गेली. हा महाल आमच्याच जोत्यावर उभा हाय.

मास्तर: म्हणून तर पालखी उद्या इथे उतरायची म्हणतात खोत. जागेचा मान जागेबरोबर आला म्हणे.

भिकाजी: पुढचा खांदा माझा हाय, मास्तर.

मास्तर: म्हणजे काय करणार आहेस?

भिकाजी: मी वाकल्याशिवाय पालखी टेकत नाय. मुंबईचे पाहुणे बोलावलेत त्यांनी. बायका आरत्या घेऊन उभ्या राहतील. दारापर्यंत आणीन, झक्क नाचवीन, नि पुढे काढीन. सगळा गाव बघेल.

मास्तर: तुझं भाताचं खाचर त्यांच्याच ताब्यात आहे, भिकाजी. उद्या तुलाही हुसकतील.

भिकाजी: हुसकू देत. चिरे कुठंही फोडता येतात.

मास्तर: सूड घेतोयस, तोही देवीच्या आडून.

भिकाजी: सूडच घेतोय. चोरून नाय घेत. काल गुरवाकडनं देवीला कौल लावला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवीचा होकार हाय.

मास्तर: आणि पालखी टेकवणार कुठे?

भिकाजी: फणसाखाली. पहाटेच सारवून आलो.